इंग्लिशचे छोटे शब्द अडवतात तेव्हा: फ्रेझल व्हर्ब समजून घ्यायची कामचलाऊ गाइड

'इन्व्हेस्टिगेट' कळतं पण 'लुक इनटू' आलं की डोकं थांबतं, 'पोस्टपोन' लिहिता येतं पण साहेबाने 'पुट ऑफ' म्हटलं की आपण नुसती मान हलवतो, अशी ज्यांची गत आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. क्रियापदाला छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ निघतो, अशा या जोड्यांनाच फ्रेझल व्हर्ब म्हणतात. यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, साक्री, कुठल्याही तालुक्याच्या मराठी मीडियममधून निघून पुण्याला किंवा सुरतला नोकरीला लागलेल्या पोरापोरींचा हा ठरलेला प्रॉब्लेम आहे. मोठे शब्द आपण बारावीपर्यंत घोकून घोकून पाठ केलेले असतात त्यामुळे पेपर वाचता येतो, रिपोर्ट वाचता येतो, आणि मग कॉलवरचा गोरा माणूस गेट, पुट, टेक, लुक असे पाचवीतले शब्द वापरून बोलतो आणि आपल्याला काही म्हणजे काही कळत नाही. मी याच रस्त्याने गेलोय, आणि आमच्या ऑफिसात खान्देशातलं नवीन कोणी आलं की त्यालाही हेच सांगतो, म्हटलं एकदा लिहूनच काढू.

एक गोष्ट आधीच सांगतो. 'पाचशे फ्रेझल व्हर्ब मराठी अर्थासह' अशी पीडीएफ तुमच्या मोबाइलमध्ये असेल तर ती राहू द्या तिथेच. ती पाठ करून हे येत नाही. का ते पुढे येईलच.

काय काय लागेल

- एक वही. मोबाइलमधली नोट चालेल, पण हाताने लिहिलेलं जास्त टिकतं असं माझं मत.
- शिकणाऱ्यांसाठी बनवलेली डिक्शनरी, म्हणजे ऑक्सफर्ड लर्नर्स, केंब्रिज किंवा लाँगमन. तिन्ही नेटवर फुकट बघता येतात. इंग्लिश-मराठी डिक्शनरी याच्यासाठी फारशी उपयोगाची नाही, तिच्यात 'टेक ऑफ'चा एखादा अर्थ असतो, बाकीचे गायब.
- यूग्लिश नावाची वेबसाइट. शब्द टाकला की खऱ्या व्हिडिओंमध्ये माणसं तो कसा बोलतात ते नेमक्या जागेवरून ऐकवते.
- ऐकायला बीबीसी लर्निंग इंग्लिश. तेही फुकट.
- रोजची पंधरा-वीस मिनिटं. भुसावळ-जळगाव अपडाऊन करत असाल तर गाडीतच होऊन जातं.

क्लास लावायची गरज नाही. लावलाच असेल तर सरांना सांगा की लिस्ट नको, वाक्यं द्या.

१. आधी हे मान्य करा की आपणही हेच करतो

'गिव्ह' म्हणजे देणे, 'अप' म्हणजे वर, मग 'गिव्ह अप' म्हणजे नाद सोडणे कसं काय, असं म्हणून आपण इंग्लिशला नावं ठेवतो. आता मराठीतलं 'अंग' बघा. जबाबदारी अंगावर घेतली. ताप अंगावर काढला. बैल अंगावर आला. चेष्टा अंगाशी आली. देवी अंगात आली. खाल्लेलं अंगाला लागलं. एखाद्या बंगाली माणसाला ही सहा वाक्यं समजावून सांगून बघा, मग कळेल. 'काढणे' म्हणजे बाहेर घेणे तर 'अंगावर काढणे' म्हणजे दवाखान्यात न जाता सोसत बसणे कसं, याचं उत्तर तुमच्याकडेही नाही आणि माझ्याकडेही नाही, आपण ते अख्खं वाक्य ऐकत मोठे झालो एवढंच.

अहिराणीत तर अजून मजा. 'काम हुई गयं', 'बस निंघी गई', 'चोर पळी गया'. बस गेली हे ठीक आहे, पण काम कुठे गेलं? तिथे 'जाणे' म्हणजे जाणे नाहीच, पूर्ण झालं एवढंच ते सांगतं. किंवा मराठीतलं 'लिहिणे' घ्या: लिहून घे, लिहून काढ, लिहून टाक, लिहून दे, लिहून ठेव. पाचही वेगळे, आणि यातला फरक तुम्हाला कोणी शिकवला नाही. इंग्लिशवाले हे काम मागे लावलेल्या छोट्या शब्दाने करतात, 'टेक डाउन' म्हणजे लिहून घेणे, 'राइट आउट' म्हणजे सविस्तर लिहून काढणे. म्हणजे दुसऱ्या शब्दाने पहिल्याचा अर्थ फिरवायची सवय आपल्या डोक्याला आहे, फक्त शब्द नवीन आहेत.

आणि हे अवघड आहे असं वाटणारे आपण पहिले नाही. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सनने १७५५ साली इंग्लिशची मोठी डिक्शनरी काढली, तिच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलंय की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची ही पद्धत परक्या लोकांना सगळ्यात जास्त जड जाते. त्याने उदाहरणंही दिली आहेत, त्यात 'टेक ऑफ'चा अर्थ नक्कल करणे असा आहे. विमान यायला अजून दीडशे वर्षं होती. म्हणजे हे अर्थ वाढत जातात, बदलत जातात, त्यामुळे एका शब्दाला एक अर्थ असा हिशोब इथे जमतच नाही.

२. तुम्हाला किती येतात ते आधी बघून घ्या

एसटी ब्रेकडाउन झाली. लाइनीवर शटडाउन आहे. बॅट्समन रन आउट. कॉलेजचा कटऑफ लागला. केळीचा माल पिकअपमध्ये भरला. डेटाचा बॅकअप घेतला का. लॉगिन होत नाही. प्रिंटआउट काढ. प्लॉटचा लेआउट पास झाला. चेकअपला जायचंय. ही सगळी त्याच कुळातली, फक्त आपण ती नाम म्हणून वापरतो. आता त्यांना क्रियापद करा. 'द बस ब्रोक डाउन', 'दे शट डाउन द लाइन', 'पिक अप द बॉक्सेस', 'बॅक अप युवर डेटा'. झालं, दहा-बारा तर हातात आलीच.

लिहिताना एक काळजी घ्या, नाम असेल तर शब्द जोडून लिहितात आणि क्रियापद असेल तर सुटे. बॅकअप घेतला तर जोडून, बॅक अप करायचं असेल तर मध्ये जागा. लॉगिनचंही तेच. मेलमध्ये हे चुकलं तर कोणी काही बोलत नाही, पण बायोडेटामध्ये दिसतं. बोलतानाही फरक आहे, नामात जोर पहिल्या तुकड्यावर पडतो आणि क्रियापदात मागच्या छोट्या शब्दावर.

३. मागचा शब्द पकडा, पुढचा नाही

शाळेत आपल्याला क्रियापदावरून याद्या देतात. 'गेट'ची यादी, 'टेक'ची यादी. त्यात गेट अप, गेट ओव्हर, गेट बाय, गेट अवे एकाखाली एक येतात आणि दोन दिवसांत सगळ्याचा चिवडा होतो. उलटं करा. मागच्या छोट्या शब्दावरून गट पाडा, कारण अर्थाला वळण बहुतेक वेळा तोच देतो.

अप. शब्दशः वर, पण निम्म्या वेळा याचा अर्थ 'पुरतं, अगदी शेवटपर्यंत' असा असतो, म्हणजे आपलं 'टाकणे' किंवा 'जाणे' जे काम करतं ते. ईट अप म्हणजे खाऊन टाक, यूज अप म्हणजे वापरून संपव. 'द वेल ड्राइड अप' म्हणजे विहीर पार आटून गेली, मे महिन्यात आपल्याकडे हे वाक्य रोज वापरता येईल. दुसरा गट वाढण्याचा: स्पीड अप, हीट अप, ग्रो अप, स्पीक अप म्हणजे जरा मोठ्याने बोला. तिसरा गट अचानक समोर येण्याचा: टर्न अप आणि शो अप म्हणजे माणूस हजर होणे, कम अप म्हणजे विषय किंवा काम निघणे, ब्रिंग अप म्हणजे विषय काढणे. 'समथिंग केम अप' असा मेसेज आला की समजायचं, त्याचं काहीतरी काम निघालं आणि तो येत नाहीये. 'ब्रिंग अप'चा अजून एक अर्थ लहानाचं मोठं करणे, 'माय ग्रँडमदर ब्रॉट मी अप' म्हणजे मला आजीने वाढवलं.

आउट. एक गट संपण्याचा: रन आउट ऑफ, सेल आउट, डाय आउट. 'वी हॅव रन आउट ऑफ डिझेल' म्हणजे डिझेल संपलं, इथे क्रिकेटचा काही संबंध नाही. दुसरा गट लपलेलं बाहेर काढण्याचा: फाइंड आउट, फिगर आउट, वर्क आउट, पॉइंट आउट. आणि हँड आउट, गिव्ह आउट म्हणजे वाटणे.

ऑफ. हा सगळ्यात वांड. बंद किंवा रद्द करणे म्हणून येतो: टर्न ऑफ, स्विच ऑफ, कॉल ऑफ. लांब किंवा वेगळं होणे म्हणून येतो: टेक ऑफ, कट ऑफ, ड्रॉप ऑफ म्हणजे नेऊन सोडणे, सी ऑफ म्हणजे स्टेशनवर पोचवायला जाणे. आणि वर सुरू होणे म्हणूनही येतो, सेट ऑफ म्हणजे प्रवासाला निघणे. त्यामुळे 'गो ऑफ'चा असा गोंधळ होतो की विचारू नका. लाइट्स वेंट ऑफ म्हणजे लाइट गेली. अलार्म वेंट ऑफ म्हणजे अलार्म वाजला. बॉम्ब वेंट ऑफ म्हणजे फुटला. आणि ब्रिटिश माणूस 'द मिल्क हॅज गॉन ऑफ' म्हणाला तर दूध नासलंय. फॅक्टरीत नोकरीला असाल तर हे नीट लक्षात ठेवा हो, 'द अलार्म वेंट ऑफ' असा मेल आला आणि तुम्ही अलार्म बंद पडला असं समजलात तर भलतंच होऊन बसेल.

डाउन. कमी होणे, थांबणे, कागदावर उतरणे. स्लो डाउन, कट डाउन, ब्रेक डाउन, शट डाउन, राइट डाउन, नोट डाउन. 'टर्न डाउन'चे दोन: आवाज कमी करणे आणि नकार देणे. 'द बायर टर्न्ड डाउन अवर बनानाज' म्हणजे व्यापाऱ्याने आपली केळी घ्यायला नाही म्हटलं.

ऑन बहुतेक वेळा चालू ठेवण्याचं सांगतो (गो ऑन, कॅरी ऑन, कीप ऑन), बॅक परतीचं (कॉल बॅक, पे बॅक, गिव्ह बॅक), ओव्हर एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचं (हँड ओव्हर, टेक ओव्हर) किंवा पुन्हा नजर फिरवण्याचं (गो ओव्हर, थिंक ओव्हर). हे तीन सरळ आहेत, त्रास देत नाहीत.

सगळी या गटांत बसतील असं समजू नका. 'गिव्ह अप' अपच्या कुठल्याच गटात धड बसत नाही, 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे हेही नाही. अशी चुकार वेगळ्या पानावर लिहायची. आणि फिल इन, फिल आउट दोन्हींचा अर्थ फॉर्म भरणेच, इन आणि आउट एकच, याच्यावर वाद घालत बसू नका.

४. 'इट' मध्ये की शेवटी

हा एकच नियम नियम म्हणून शिका, बाकी सगळं कानाने.

'स्विच ऑफ द मोटर' बरोबर. 'स्विच द मोटर ऑफ' पण बरोबर. पण मोटर न म्हणता 'इट' म्हटलं की ते मध्येच बसणार, 'स्विच इट ऑफ'. 'स्विच ऑफ इट' असं कोणी बोलत नाही. हिम, हर, देम, मी यांचंही तसंच: पिक मी अप, ड्रॉप देम ऑफ.

पण काही जोड्या फुटतच नाहीत. लुक आफ्टर, लुक फॉर, लुक इनटू, रन इनटू, गेट ओव्हर, डील विथ. इथे 'लुक आफ्टर हिम', मध्ये कोणी घुसू शकत नाही. तीन शब्दांची जी असतात, पुट अप विथ, रन आउट ऑफ, कम अप विथ, तीही बहुतेक न फुटणारी.

कोणती फुटते ते डिक्शनरीच सांगते, फक्त बघायचं कुठे ते माहीत पाहिजे. शिकणाऱ्यांच्या डिक्शनरीत 'समथिंग' हा शब्द, किंवा एस-टी-एच असं त्याचं छोटं रूप, जोडीच्या मध्ये छापलेलं असेल तर ती फुटते. शेवटी छापलेलं असेल तर नाही फुटत. एस-बी म्हणजे समबडी, म्हणजे तिथे माणूस येतो. ऑक्सफर्डमध्ये दोन्हीकडे टोक असलेला बाण असतो, त्याचा अर्थ वस्तू मध्ये किंवा शेवटी कुठेही चालेल. आणि एस-टी-एच, एस-बी दोन्ही नसतील तर पुढे वस्तू येतच नाही, जसं 'द ट्रक ब्रोक डाउन', 'ही डिडंट शो अप'.

शोधायचं क्रियापदाखाली, म्हणजे 'पुट ऑफ' बघायचं तर 'पुट' उघडून पार खालपर्यंत जायचं. नवीन माणूस वरचे दोन-तीन अर्थ वाचतो आणि सापडत नाही म्हणून सोडून देतो.

५. अडलात तर अर्थ कसा काढायचा

असा एखादा मेल आला समजा: 'आय वॉज गोइंग ओव्हर द रिपोर्ट अँड अ फ्यू थिंग्ज केम अप. कॅन यू लुक इनटू देम अँड गेट बॅक टू मी बाय फ्रायडे? इफ दॅट डझंट वर्क, वी कॅन पुश द कॉल बॅक.'

अवघड शब्द एकही नाही आणि तरी घाम फुटतो. आता असं करा.

एक, जोड्यांखाली रेघ ओढा. गोइंग ओव्हर, केम अप, लुक इनटू, गेट बॅक टू, पुश बॅक. शेवटची बघा, मध्ये 'द कॉल' बसलाय म्हणून ती जोडी पटकन दिसत नाही. हाच मोठा सापळा, तुम्ही 'पुश द कॉल' एवढंच वाचता आणि 'बॅक' तसाच लोंबकळत राहतो.

दोन, जोडी झाकून बाकीचं वाक्य वाचा. रिपोर्टचं काहीतरी करत होतो, काही गोष्टी काहीतरी झाल्या, तू त्यांचं काहीतरी कर आणि शुक्रवारपर्यंत मला काहीतरी कर. निम्मा अर्थ इथेच लागतो: रिपोर्ट वाचत असणार, शंका निघाल्या असणार, बघून कळव म्हणत असणार.

तीन, मग डिक्शनरी उघडा आणि आपला अंदाज तिथल्या कुठल्या अर्थाशी जुळतो ते बघा. आधी अंदाज, मग डिक्शनरी. उलटं केलं तर पहिला अर्थ दिसेल तो आपण चिकटवतो.

गूगल ट्रान्सलेट वापरत असाल तर अख्खं वाक्य टाका, आजूबाजूचं एखादं वाक्यही टाका. नुसतं 'गो ओव्हर' टाकलं तर ते काहीही सांगेल, त्याची तरी काय चूक.

६. फोनवर आणि ऑफिसात लगेच लागणारी

फोनवरची आधी, कारण तिथे विचार करायला वेळ मिळत नाही. 'होल्ड ऑन' म्हणजे थांबा, ठेवू नका. 'हँग अप' म्हणजे फोन ठेवणे. 'आय विल पुट यू थ्रू' म्हणजे जोडून देतो. 'वी गॉट कट ऑफ' म्हणजे लाइन तुटली. 'यू आर ब्रेकिंग अप' म्हणजे तुमचा आवाज तुटक येतोय, कोणाचं कोणाशी ब्रेकअप झालेलं नाही, पहिल्यांदा ऐकलं की माणूस जरा दचकतो.

ऑफिसात: फॉलो अप म्हणजे पाठपुरावा. साइन ऑफ म्हणजे मंजुरी देणे, पण मेल किंवा कार्यक्रम संपवणे पण. लूप इन म्हणजे एखाद्याला मेलमध्ये घेणे. हँड ओव्हर म्हणजे काम सोपवणे, टेक ऑन म्हणजे काम किंवा माणूस घेणे. रॅप अप म्हणजे आवरणे. फॉल थ्रू म्हणजे ठरलेलं बारगळणे, सौदा तुटला की हेच म्हणतात. ले ऑफ म्हणजे नोकरीवरून कमी करणे, हा शब्द मेलमध्ये दिसला तर बाकीचं नंतर वाचा.

इंटरव्ह्यूला 'व्हेअर वर यू ब्रॉट अप' विचारलं तर तुम्ही कुठे वाढलात असं विचारतायत, सरळ सांगा 'इन अमळनेर' म्हणून. आणि 'वी विल गेट बॅक टू यू' म्हणजे कळवू. याचा खरा अर्थ हो की नाही हे कुठल्याच डिक्शनरीत मिळत नाही.

मेलच्या शेवटच्या ओळीत आपण 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' लिहितो, तिथे 'टू मीटिंग यू' पाहिजे. या 'टू' नंतर आयएनजीवालं रूप येतं.

७. मराठी डोक्याला खास लागणारे सापळे

सगळ्यात वाईट सापळा पुढे आणि मागेचा. आपण म्हणतो मीटिंग पुढे ढकलली. इंग्लिशमध्ये तीच मीटिंग 'पुश बॅक' होते, म्हणजे मागे. आणि 'ब्रिंग फॉरवर्ड' ऐकलं की आपल्याला वाटतं पुढे गेली, आरामात आहे, प्रत्यक्षात ती अलीकडे घेतलेली असते. म्हणजे सोमवारची मीटिंग 'ब्रॉट फॉरवर्ड' झाली तर ती शुक्रवारी असू शकते आणि तुम्ही शुक्रवारी दुपारच्या गाडीने गावी निघालेले असता. तारीख लिहिलेली नसेल तर उलट मेल करून विचारा, लाजू नका. बाय द वे 'प्रीपोन' भारतात सगळ्यांना कळतो, बाहेरच्यांना कळेलच असं नाही.

दुसरा सापळा उलट्या जोड्यांचा. टेक ओव्हर म्हणजे ताबा घेणे, ओव्हरटेक म्हणजे मुंबई-आग्रा हायवेवर जे चालतं ते. लुक ओव्हर म्हणजे नजर फिरवून तपासणे, ओव्हरलुक म्हणजे नजरेतून सुटणे. 'आय लुक्ड ओव्हर युवर मेल' आणि 'आय ओव्हरलुक्ड युवर मेल' यात एक काम केलं सांगतोय आणि एक राहिलं सांगतोय. सेट अप आणि अपसेट, होल्ड अप आणि अपहोल्ड हेही तसेच.

तिसरा, आपल्याकडे चालणारी पण बाहेर न चालणारी:

- 'आय पास्ड आउट इन २०१९' हे आपल्याकडे पदवी मिळाली म्हणून चालतं, बाहेरचा माणूस समजतो तुम्ही बेशुद्ध पडलात. 'ग्रॅज्युएटेड' म्हणा. मिलिटरीतली पासिंग आउट परेड मात्र बरोबर आहे.
- 'फिल अप द फॉर्म' नको, फॉर्मसाठी फिल इन किंवा फिल आउट. फिल अप पेट्रोलची टाकी करतात.
- 'कोप अप विथ' असं काही नसतं, नुसतं 'कोप विथ'.
- 'डिस्कस अबाउट', 'रिटर्न बॅक', 'रिव्हर्ट बॅक' यातला मागचा शब्द फालतू आहे, काढून टाका.
- सरकारी ऑफिसात फाइल 'पुट अप' करतात म्हणजे साहेबांपुढे ठेवतात, आणि 'व्हेअर डू यू पुट अप' म्हणजे राहता कुठे. दोन्ही आपल्याकडचं बोलणं, परदेशी क्लायंटसमोर टाळा.
- 'ऑफ द फॅन' नको, टर्न ऑफ किंवा स्विच ऑफ. 'क्लोज द लाइट' तर अजिबातच नको.

८. कानाला सवय

वहीत ओळखू येणारी जोडी कानाला ओळखू येत नाही, कारण ते लोक शब्द तोडून बोलत नाहीत. 'पिक इट अप' ऐकू येतं पिकिटप. 'टर्न इट ऑफ' होतं टर्निटॉफ. अमेरिकन असेल तर मधला ट मऊ होतो, 'फिगर इट आउट'चं फिगरिडाउट. यूग्लिशवर एकच जोडी पाच-सहा वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐका आणि तशीच, न तोडता, मोठ्याने म्हणा. घरचे हसतील, हसू द्या. बोलताना मुद्दाम कोंबायची घाई करू नका, आधी कळायला लागू द्या. तुम्ही 'पोस्टपोन' म्हटलात तरी समोरच्याला कळतंच की.

९. किती करायची आणि वही कशी ठेवायची

गार्डनर आणि डेव्हिस या दोन अभ्यासकांनी २००७ साली ब्रिटिश इंग्लिशच्या एका प्रचंड मोठ्या संग्रहात मोजून बघितलं, तर अवघी वीस क्रियापदं आणि आठ छोटे शब्द यांच्या जोड्यांनीच निम्म्याहून जास्त वापर भरून निघत होता. २०१५ साली दुसऱ्या दोघांनी, गार्निए आणि श्मिट यांनी, सगळ्यात जास्त वापरात असलेल्या दीडशेची यादी केली आणि प्रत्येकीचे फक्त नेहमी लागणारे अर्थ ठेवले, तर ते सगळे मिळून २८८ भरले, म्हणजे जोडीला सरासरी दोनसुद्धा नाहीत. गो ऑन, पिक अप, कम बॅक, फाइंड आउट, पॉइंट आउट, ग्रो अप अशी मंडळी त्यात अगदी वर आहेत. पाचशेची पीडीएफ राहू द्या म्हटलं ते यासाठी.

वहीत अप, आउट, ऑफ, डाउन, ऑन, बॅक, ओव्हर यांना दोन-दोन पानं आणि चुकारांना चार. मराठी अर्थ लिहा, पण त्याच्या शेजारी एक वाक्य तुमच्या स्वतःच्या गावचं, घरचं, कामाचं पाहिजेच. 'शी टुक ऑफ हर कोट' हे पुस्तकातलं वाक्य जळगावच्या पंचेचाळीस डिग्रीत लक्षात राहणार नाही. त्यापेक्षा 'द ट्रक ब्रोक डाउन निअर मुक्ताईनगर', 'माय कझिन इज सेटिंग अप अ ड्रिप शॉप', 'दे कॉल्ड ऑफ द मॅच बिकॉज ऑफ रेन' असं लिहा. आठवड्याला पाच-सहा नवीन पुरेत. एका जोडीचे तीन अर्थ असतील तर जो भेटला तोच लिहा, खाली जागा सोडा, दुसरा भेटेल तेव्हा तिथे भरा.

बँक, एसएससी किंवा एमपीएससीची तयारी करणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. तिथे जोडी देऊन चारपैकी अर्थ विचारतात, त्यामुळे जुन्या पेपरमधल्या याद्या बघाव्याच लागतील. पण त्याही अप-आउट-ऑफ अशा लावून घ्या, आणि पर्यायांत शब्दशः अर्थ दिसला तर त्याच्यावर आधी संशय घ्या, तो बऱ्याचदा फसवायलाच ठेवलेला असतो.